मीठ तसंच राहिलं : एका उभयचर विमानाच्या उजव्या चाकाचं प्रकरण

आमच्या कारखान्यात महिन्यातून एकदा बिघाडाची बैठक भरते. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतलं सुताचं डाईंग, म्हणजे सूत रंगवायचं काम, माणसं चाळीसेक. चहाचे ग्लास फिरले की कुणीतरी एक बिघाड मांडायचा. काय झालं, कधी कळलं, आणि खरं तर कधी कळायला हवं होतं. दोष कुणाचा हे पहिला अर्धा तास विचारायचं नाही, असा नियम मीच घातलाय. एरवी विषय ठरलेले : हँक डाईंगच्या मशीनचा पंप, बॉयलरचं पाणी, सॉफ्टनर. गेल्या खेपेला मी विमान मांडलं.

"साहेब, चिमणी पाडून झाली, गोव्याचं विमान सुरू झालं, आता दुरुस्तीला पण आपल्याकडंच यायलंय का?" आमचा फिटर म्हणाला. होटगी रस्त्याच्या विमानतळाजवळची साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पडली, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान उडालं. मधल्या दोन वर्षांत विमानांबद्दल मत नसलेला माणूस सोलापुरात उरला नाही. पण हे विमान वेगळं. होडीसारखं पोट, त्याला आत ओढून घेता येणारी चाकं. चाकं खाली केली की धावपट्टीवर उतरतं, वर घेतली की पाण्यावर. उभयचर म्हणतात ते हे. बेडूकच म्हणा.

विमान माझं नाही, भाच्याचं आहे, तेही पाव हिश्श्यानं. बहिणीचा मुलगा फ्लोरिडात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं आणि तिथल्या तिघांनी मिळून हे दोन आसनी जुनं विमान घेतलं. १०० अश्वशक्तीचं इंजिन, तेही डोक्यावर, मागं तोंड करून बसवलेलं. पंखा मागून ढकलतो. तासाला वीसेक लिटर पेट्रोल. परवाना त्यानं आधी साध्या विमानाचा घेतला. नंतर विंटर हेवन नावाच्या तळ्यांच्या गावात पाण्यावर उतरायचं शिकला. ते शिक्षण दोन-तीन दिवसांत उरकतं याचं मला आजही नवल वाटतं, आमच्याकडे रंगाचं मशीन चालवायला पोरगं दोन महिने घेतं.

तळ्यांचं गाव हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

प्रवास

फेब्रुवारीत त्याचा शाळेतला दोस्त सोलापुरातून तिकडं गेला होता. पूर्व भागातला, घरी तेलुगू, बाहेर आमच्यापेक्षा अस्सल सोलापुरी. दोघांनी बहामाज बेटांचा बेत केला. ही बेटं फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून सुरू होतात, सगळ्यात जवळचं बिमिनी ऐंशीएक किलोमीटरवर. लहानमोठी सातशे बेटं, आणि खडकांचे ठिपके मोजले तर हजारोंनी. बिमिनीला उतरून कस्टम्स केलं, पुढं नॅसो, आणि तिथून एक्झुमाच्या बेटमाळेत. ही माळ वायव्येकडून आग्नेयेकडं ओघळलेली आहे. पूर्वेला एकदम खोल समुद्र, पश्चिमेला कमरेएवढं ते दोन पुरुष पाणी, मैलोन्‌मैल पांढऱ्या वाळूवर पसरलेलं. एरवी वारा पूर्वेकडून येतो, म्हणून पश्चिमेला बेटांचा आडोसा मिळतो आणि पाणी शांत असतं. पाण्यावरची विमानं त्याच बाजूला उतरतात.

त्यानं फोनवर सांगितलेलं थोडं इथं मांडतो, कारण ऐकताना मला आमच्या रंगमास्तरची आठवण झाली. तिथं पाण्याची खोली रंगावरून वाचायची. गडद निळं म्हणजे खोल. मोरपिशी म्हणजे खाली वाळू आणि पाणी पुरेसं. पांढुरकं दिसलं की पोट घासणार. तपकिरी डाग दिसला तर तिथं गवत नाहीतर पोवळ्याचा खडक, त्याच्या वाटेला जायचं नाही. भरती-ओहोटीत पाणी तीनेक फूट वरखाली होतं, त्यामुळं सकाळी मोरपिशी असलेली जागा दुपारी पांढुरकी होते. शिवाय वर ढग आला की सगळी पाटी पुसली. रंगमास्तर पण ट्यूबलाइटखाली शेड पास करत नाही, उन्हात नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला आणि पाणी काचेसारखं झालं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर सगळ्यात सोपं. उलट आहे. पाणी स्वच्छ आणि स्थिर असलं की पृष्ठभागच दिसत नाही, दिसतो तळ. वैमानिकाला वाटतं अजून वीस फूट आहेत, तेवढ्यात आपटतो. म्हणून अशा वेळी डोळ्यांवर विसंबायचंच नाही. किनारा बाजूला दिसेल असं यायचं, नाक किंचित वर धरायचं, इंजिनाला थोडा जोर ठेवून मिनिटाला शंभर-दीडशे फूट एवढ्या संथपणे खाली येत राहायचं आणि पाणी आपल्याला लागेल तेव्हा लागेल. भाचा म्हणाला, "मामा, अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी शोधतो ना, तसं." पोरगं शहाणं आहे, हे एवढ्यासाठी सांगितलं. जे झालं ते अडाणीपणातून झालेलं नाही.

आणि प्रत्येक उतरण्याआधी तो मोठ्यानं बोलायचा. "पाण्यावर उतरतोय. चाकं वर. डावं वर, उजवं वर, नाकाचं वर." दोस्तानं दिवे बघून प्रत्येकाला "निळा" म्हणायचं. धावपट्टी असेल तर "पट्टीवर उतरतोय, चाकं खाली," आणि उत्तर "हिरवा". उभयचर विमानाचा सगळ्यात वाईट शत्रू लाट नाही, वारा नाही. चाकं खाली राहिलेली असताना पाण्यावर उतरणं हा आहे. चाक पाण्यात रुततं, नाक खाली जातं आणि विमान उलटतं. माणसं सीटच्या पट्ट्यात उलटी लटकलेली, वर पाणी. उलट चूक, म्हणजे चाकं वर असताना धावपट्टीवर टेकणं, तिच्यात पोट खरवडतं, खर्च येतो, माणसं बहुतेक चालत बाहेर येतात. ही असमानता डोक्यात ठेवा. पुढचा सगळा निर्णय हिच्यावर आहे.

तीन संध्याकाळी

खाऱ्या पाण्यातून आलेलं विमान रोज गोड्या पाण्यानं धुवायचं असतं. पुस्तकात आहे, चौघांच्या यादीतही आहे. पण हे विमान वर्षभर फ्लोरिडाच्या गोड्या तळ्यांत खेळलेलं. तिथं धुतलं नाही तरी काही बिघडत नव्हतं, आणि यादीतली ती ओळ वाचून वाचून गुळगुळीत झाली होती.

बेटांवर मात्र प्रश्न वेगळाच आला. त्या बेटांना नद्या नाहीत. पावसाचं पाणी चुनखडीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगतं, तेवढंच गोडं. बाकी टाक्यांतलं पावसाचं, नाहीतर समुद्राचं पाणी यंत्रातून गाळून काढलेलं, आणि ते विकत. पहिल्या संध्याकाळी राहत्या घराच्या मालकिणीकडं तो पाणी मागायला गेला. ती बाई बादलीनं कुंड्यांना घालत होती, तेही भांडी धुतलेलं. हा उभा राहिला आणि न मागता परत आला.

हे वाचणारा पुण्याचा असेल तर त्याला कळणार नाही. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. भाचा लहान असताना पाण्याच्या दिवशी शाळेला दांडी ठरलेली : हंडे, पिंप, कळशा, शेवटी चहाची पातेली. माझ्या आईनं त्याला एकदा नळ चालू ठेवून दात घासताना पकडलं होतं, त्याचा पाढा तो अजून म्हणून दाखवतो. त्या पोरानं परक्या बेटावर दोनशे लिटर गोडं पाणी विमानावर ओतायला मागायचं? त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. ओल्या फडक्यानं काच पुसली, पंख पुसले आणि झोपला. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच.

आता माझा भाग. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं मला एक फोटो पाठवला. तिकडं रात्रीचे आठ, आपल्याकडं सकाळचे साडेसहा. वाळूवर उभं विमान, मागं केशरी आभाळ, पुढं उजवं चाक. खाली लिहिलेलं : "मामा, इथंपण आपल्यासारखंच. पाणी विकत. विमान धुतलं नाही, फडक्यावर भागवलं."

माझी शिफ्ट बदलत होती. मी लिहिलं, "शाब्बास. पाणी वाचव." आणि अंगठा.

तो फोटो आज मोठा करून बघितला की चाकाच्या पायाला जिथं बिजागरीचा पिन आहे तिथं पांढरी कड स्पष्ट दिसते. पिन पोलादाचा, भोवतीचं घर अॅल्युमिनियमचं. सव्वीस वर्षं मी हीच कड शोधत मशीनखाली वाकतोय. सुताला गडद रंग चढवायला आम्ही लिटरमागं ६० ते ८० ग्रॅम मीठ घालतो. समुद्रात असतं सुमारे ३५. म्हणजे आमचा हौद समुद्राच्या दुप्पट खारा. ३०४ जातीच्या स्टेनलेसला टाचणीएवढे खड्डे कसे पडतात, ३१६ का घ्यावं लागतं, डोसिंग पंपाची बिजागरी शनिवारी धुतली नाही तर सोमवारी का हलत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि मी अंगठा पाठवला.

चौथा दिवस

रात्री थंड हवेची लाट येऊन गेली. हिवाळ्यात तिथं असं होतं, वारा फिरत फिरत वायव्येला जातो. सकाळी तिकडून सोळा नॉटचा वारा, म्हणजे ताशी तीसएक किलोमीटर. पश्चिमेचा आडोसा संपला, शांत पाण्यावर पांढरे तुरे उठले. एका छोट्या खाडीत जिथं थोडं आड होतं तिथून त्यांनी पाण्यावरूनच उड्डाण केलं. जवळच्या बेटावर तीनेक हजार फुटांची पट्टी होती, तिथं थांबून नाश्ता आणि मग पुढं ग्रेट एक्झुमाला पेट्रोल, असा बेत.

पट्टीच्या अलीकडं त्यानं चाकांचा दांडा खाली केला. चाकं हलवणारा तेलाचा पंप घरघरला आणि थांबला. डावा हिरवा. नाकाचा हिरवा. उजवा दिवा विझलेला. निळाही नाही, हिरवाही नाही.

दोस्त म्हणाला, "हिरवा, हिरवा, आणि... काहीच नाही बे."

इथं बैठकीत मी थांबलो आणि विचारलं, काय काय असू शकतं? पहिला फिटर म्हणाला, बल्ब गेला. बरोबर, भाच्यानंही तेच आधी तपासलं. दाबून बघायचं बटण आहे, बल्ब पेटला. दुसरा म्हणाला, चाक मधेच अडकलं. तिसरा, जो इलेक्ट्रिकल बघतो, तो म्हणाला, चाक खाली आहे पण दिवा पेटवणारा खालचा स्विच लागला नाही. हे दोन्ही शक्य, आणि आतून यातलं कुठलं ते कळायला मार्ग नाही. सीटवरून चाक दिसत नाही.

एक गोष्ट भाच्यानं त्या गडबडीतही टिपली आणि ती मला सगळ्यात आवडली. पंप वेळेवर थांबला होता. तेल गळत असतं तर दाब तयार झाला नसता आणि पंप चालूच राहिला असता. थांबला याचा अर्थ दाब पूर्ण आहे, म्हणजे अडलंय ते तेलात नाही, लोखंडात. तरीही त्यानं हातपंप मारून पाहिला. चार-पाच झटक्यांत पंपाची मूठ दगड झाली. चाकांचा दांडा वर केला, परत खाली, परत वर. डावं आणि नाकाचं इमानदारीत वर-खाली झालं. उजव्याचा दिवा मेलेलाच. हे तीनदा केलं. मला विचाराल तर एकदा पुरे होतं. कारण माहीत नसताना अडलेली बिजागरी हलवत राहणं म्हणजे आत काय अडकलंय त्यावर नशीब घासणं.

आता दोस्तानं तोंड उघडलं. "पाण्यात उतरव की. पाणी मऊ असतंय. पट्टीवर घासून आग लागली म्हणजे?"

हा सल्ला मी इथं मुद्दाम देतो, कारण बैठकीतल्या चाळीसपैकी निम्म्याहून जास्त हात याच्याच बाजूनं वर गेले. विमानाला पोट होडीचं आहे, खाली पाणी आहे, मग खडखडीत डांबर कशाला? पण उजवं चाक अर्धवट लोंबतंय असं धरा. विमान पाण्याला टेकताना ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरनं धावतं. त्या वेगात एका बाजूचं चाक पाण्यात शिरलं की ती बाजू जागीच धरली जाते आणि बाकीचं विमान तिच्याभोवती गरकन फिरतं. डांबरावर तेच चाक घासेल, वळेल, कदाचित मोडेल. पण बुडवणार नाही. शिवाय त्या दिवशी पश्चिमेला तुरे होते, आणि पूर्वेला बेटांचा आडोसा असला तरी खोल समुद्राची लांब लाट. आमच्या उजनीत २१ मे २०२४ ला संध्याकाळी वादळी वाऱ्यानं कुगाव-कळाशी बोट उलटली आणि सहा जण गेले, तेव्हा कुणी पाण्याला मऊ म्हणालं नव्हतं. दोस्ताला पोहता येत नाही, हे त्यानं नंतर सांगितलं.

भाचा म्हणाला, "नाही बे. खात्री नसली तर पट्टी." हे वाक्य त्यानं शिकतानाच पाठ केलेलं.

मग चाक दिसावं म्हणून दोन खटपटी. दोस्त म्हणाला, मी काच सरकवून फोन बाहेर धरतो, फोटो काढतो. भाच्यानं त्याचा हातच धरला. पंखा मागं आहे; हातातून सुटलेली प्रत्येक वस्तू थेट पंख्यात. दुसरी खटपट त्याची स्वतःची, आणि ती मला पटलेली नाही. पांढऱ्या वाळूवरच्या उथळ पाण्यावर पन्नास फुटांवर येऊन सावलीत चाक दिसतंय का ते पाहायचं. दिसलं नाही. सूर्य वर आला होता, चाकाची सावली पंखाच्या सावलीतच बुडाली. आधी अडचणीत असलेलं विमान वाऱ्यात पन्नास फुटांवर आणणं म्हणजे एका संकटाला दुसरं जोडणं. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेसबॉलपटू रॉय हॅलाडे फ्लोरिडाजवळ अशाच छोट्या उभयचर विमानातून पाण्यालगत कसरती करताना गेले. भाच्याला हे माहीत होतं. म्हणाला, "मामा, तेव्हा डोक्यात फक्त चाक होतं."

शेवटी साधी गोष्ट केली. रेडिओवर सांगितलं, पट्टीवर कुणी आहे का, माझं चाक बघाल का. खाली एक म्हातारा वैमानिक आपल्या विमानाला दोर बांधत होता. त्यानं दुर्बीण काढली. हे दोघं पट्टीवरून ठरावीक उंचीनं सरळ गेले. उत्तर आलं : डावं खाली, नाकाचं खाली, उजवं अर्ध्यावर.

पेट्रोल सत्तर मिनिटांचं. ग्रेट एक्झुमाची पट्टी पाऊण तासाच्या आत, या पट्टीच्या दुपटीहून लांब, अग्निशमन गाडी असलेली, आणि नेमकी आग्नेय-वायव्य अंगाला. म्हणजे वारा थेट तोंडावर. तिकडंच निघाले. वाटेत पुरेशी उंची घेऊन त्यानं चाकं खाली ठेवूनच विमान तिरकं चालवलं, उजव्या चाकाच्या पायावर वाऱ्याचा रेटा येईल असं. मग हळूच खाली घालून वर ओढलं, म्हणजे क्षणभर चाकाचं वजन दीडपट होतं. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा दोघांनाही पायाखाली ठक्क असा आवाज ऐकू आला.

दिवा तरीही पेटला नाही.

खालून पट्टीवरच्या माणसांनी पाहून सांगितलं, आता दोन्ही सारखी दिसतात. दिसतात, कुलूप लागलंय की नाही हे दुर्बिणीतून कळत नाही. म्हणून त्यानं उजवं चाक नाहीच असं समजून उतरायचं ठरवलं. तरंगायची जाकिटं आधीपासून अंगावर होती. दोस्ताला सांगितलं, थांबेपर्यंत काच उघडायची नाही. "पट्टीवर उतरतोय. डावं खाली, नाकाचं खाली, उजवं माहीत नाही." दोस्त म्हणाला, "हिरवा. हिरवा. देव जाणे."

डाव्या चाकावर टेकलं, उजवा पंख जमेल तितका वेळ वर धरला, वेग मेल्यावर उजवं चाक आपसूक खाली आलं आणि टिकलं. पट्टीवरच इंजिन बंद केलं. बाजूला घ्यायचा मोह आवरला हे बरं केलं. वळणावर त्या पायावर आडवा जोर आला असता. माणसांनी ढकलून विमान कडेला नेलं. पोटाला ओरखडा नाही.

उघडल्यावर

पाय फ्लोरिडात सुटा झाला आणि भाच्यानं मला चौदा फोटो पाठवले. या वेळी मी कागदावर छापून घेतले.

पिनभोवतीचं ग्रीस लाटांच्या माऱ्यानं धुऊन गेलेलं. जागा रिकामी झाल्यावर खारं पाणी आत बसलं. दिवसा पाणी उडालं, मिठाचे खडे राहिले. रात्री बेटावरची हवा दमट. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच ओलावा ओढून परत पाणी होतं आणि आणखी आतल्या फटीत उतरतं. दुसऱ्या दिवशी परत खडे. तीन रात्रींत तीन थर. यात पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून, मधे खारं पाणी, म्हणजे आयती बॅटरी. त्यात खर्च होतं अॅल्युमिनियम. हा भाग तीन दिवसांचा नाही. एखाद-दुसरी समुद्राची फेरी चौघांपैकी कुणीतरी आधी केली असणार, आणि तेव्हाही धुतलं नसणार.

फोटोतल्या पांढऱ्यात दोन प्रकार होते, आणि ते ओळखायची आमच्याकडं गावठी रीत आहे. ओलं बोट लावायचं. विरघळलं तर मीठ. भुकटी तशीच बोटाला राहिली तर धातू खाल्लेला. भाच्याला करायला लावलं. कडेची विरघळली, आतली नाही.

आणि दिवा? खालच्या स्विचच्या टोकावर हिरवट-पांढरा थर. चाक पूर्ण खाली बसल्यावरही तो लागलाच नसता. म्हणजे चाक अडकवणारं मीठ आणि दिवा विझवणारं मीठ एकच, पण बिघाड दोन. यामुळं चाक सुटल्यावरही दिव्यानं त्याला सांगितलं नाही. आमच्या इलेक्ट्रिकलवाल्यानं यावर विचारलेला प्रश्न बैठकीतला सगळ्यात चांगला होता. मिठानं स्विच उलटा लागलेला असता, चाक अर्ध्यावर आणि दिवा निळा, तर? तर पोरानं "चाकं वर" म्हटलं असतं, दोस्तानं "निळा" म्हटलं असतं, आणि दोघं बिनघोर पाण्यावर उतरले असते. मी गप्प झालो. आता त्यांनी पंखाखाली तळहाताएवढा गोल आरसा लावलाय, सीटवरून दोन्ही चाकं दिसतात. बऱ्याच उभयचर विमानांना तो असतो. याला नव्हता.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथं आहे. भाच्याच्या डोक्यात दोनच पर्याय होते : नळी लावून दोनशे लिटर, नाहीतर फडकं. मागायला लाज वाटली म्हणून फडकं. बैठकीत हे सांगताना आमचा बॉयलरवाला, सांगोल्याचा, घरी डाळिंबाची बाग, सरळ म्हणाला, "मग पंप का नाय घेतला? पाठीवरचा, सोळा लिटरचा?"

फवारणीचा पंप. बागेत औषध मारतात तो. धुकं करून फटीत शिरतो, बिजागरीवर नेम धरून मारता येतो. त्यानं हिशोब करून दाखवला : एक पंप चाकांना, बिजागऱ्यांना आणि स्विचना, एक पोटाला आणि पंख्याला. बत्तीस लिटर. मग ग्रीस गननं निपलमधून जुनं बाहेर येईपर्यंत नवं. दोन घागरी पाणी त्या बाईंनीही आनंदानं दिलं असतं. सव्वीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, कारण आमच्या डाईंगमध्ये मी पण नळीच लावतो.

बैठकीचा वृत्तांत भाच्याला पाठवला. त्यातला अंगठ्याचा भाग त्यानं वाचून फोन केला. "मामा, तुमचं काय त्यात, मी कुठं विचारलं होतं?" खरं आहे, त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं दाखवलं होतं.

एप्रिलमध्ये ते परत गेले, या वेळी जवळच, बिमिनीपर्यंत. संध्याकाळी फोटो आला. वाळूवर विमान, शेजारी पिवळा फवारणी पंप, दोस्ताऐवजी भागीदारांपैकी एक गोरा माणूस तो पाठीवर अडकवून हसतोय. शिफ्ट बदलत होती. मी ऑफिसात जाऊन दार लावलं, चष्मा बदलला आणि फोटो मोठा केला. उजव्या पायाच्या पिनभोवती ग्रीसचं ताजं कडं होतं. डाव्या पायाला दिसत नव्हतं.

फोन लावला.